‘फी’, ‘कट’ आणि ‘सेवा’ : वैद्यकव्यवहारातील तीन शब्दांचा विचार

नफ्याच्या हेतूमुळे आधुनिक वैद्यकावरील लोकांचा विश्वास ढळतो काय, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा व नीतिशास्त्राचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावयाचे कारण इतकेच की, एखाद्या व्यवहाराला समाज कोणते नाव देतो यावरून त्या व्यवहारासंबंधीचा त्याचा निवाडा पुष्कळसा कळून येतो.

सिडकोने वसविलेल्या जुईनगरात स्थानकाबाहेरच्या पाट्या वाचीत चालले असता वैद्यकाचा सारा शब्दसंग्रह डोळ्यांखालून जातो. ‘दवाखाना’ हा अरबी-फारसी जोड आहे. ‘क्लिनिक’ इंग्रजीतून आले. औषधांच्या दुकानाला तर आपण नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, म्हणजे विशेषणाचेच नाम करून टाकले आहे. बोलण्यातील ‘इस्पितळ’ पोर्तुगीजांकडून आलेले. हे सर्व शब्द परके असूनही मराठी माणसाने ते निःशंकपणे स्वीकारले. ‘फी’ हा शब्दही तसाच. डॉक्टरने फी घेतली म्हणून त्याच्या ‘हातगुणा’वर कोणी शंका घेतली नाही. गुण येणे आणि पैसे देणे यांत विरोध आहे असे आपली भाषा मानीत नाही. तेव्हा डॉक्टरने पैसा मिळविणे हे अविश्वासाचे मूळ नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘कट’ या शब्दाची गोष्ट मात्र निराळी आहे. एका डॉक्टरने रुग्ण दुसऱ्याकडे, तपासणीकेंद्राकडे वा रुग्णालयाकडे पाठवावा आणि त्याबद्दल बिलातील काही भाग गुपचूप आपल्याकडे यावा, या प्रकाराला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. येथील ‘कट’ इंग्रजी, म्हणजे वाटा. परंतु कारस्थान या अर्थाचा ‘कट’ मराठीत आधीपासूनच होता. दोहोंची व्युत्पत्ती भिन्न. तरीही मराठी कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत, आणि उसन्या शब्दाला घरच्या शब्दाची काळी छटा आपोआप चिकटते. असा योग भाषेत क्वचितच येतो.

मध्यस्थाचा वाटा स्वतःच निंद्य असता, तर ‘अडत’ हा शब्दही निंद्य ठरला असता. जुईनगरपासून थोड्याच अंतरावर, वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत, अडत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यावर वाद झाले. 2016 साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय शासनाने केला. पण तो वाद कोणी किती द्यावे याचा होता, कारण अडत हिशेबपट्टीवर लिहिलेली असे. कट कोणत्याच पावतीवर नसतो. रुग्णाला जे दिसते ती तपासणीची रक्कम होय. तीत सल्ला देणाऱ्याचाही हिस्सा आहे हे त्याला दिसत नाही.

या गुप्ततेवर महाराष्ट्रातूनच बोट ठेवले गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून देणारे संशोधक. रुग्ण पाठविल्याबद्दल एका निदानकेंद्राकडून आलेला 1200 रुपयांचा धनादेश त्यांनी मुकाट्याने ठेवून घेतला नाही, तर वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रक्कम लहान होती. पण न बोलण्याचा संकेत तिने मोडला. 2017 साली शासनाने प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने, आपल्याकडे प्रामाणिक मत मिळते व डॉक्टरांना कमिशन दिले जात नाही, अशा आशयाचे फलक लावले. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यांस हरकत घेतली. भाषेच्या दृष्टीने ही हरकत अनाठायी नव्हती. नकार नेहमी एका गृहीतकावर उभा असतो : ‘आमच्या दुधात पाणी नाही’ असे सांगणारा गवळी इतरांच्या दुधाविषयी बोलूनच गेलेला असतो. मात्र व्यवसायाला लाज वाटावयाची ती फलकाची, की गृहीतक वाचणाऱ्यांना तत्काळ पटले याची, हा प्रश्न उरतोच.

‘सेवा’ या शब्दाचे स्थित्यंतर अधिक खोल आहे. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, मोबदला घेऊन केलेले उपचार 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील ‘सेवा’ होत, असा निर्णय दिला. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. मराठीत ‘रुग्णसेवा’ म्हणताच मनात येते ती निरपेक्ष शुश्रूषा. कायद्याने मात्र नेमकी निरपेक्ष सेवाच ‘सेवे’च्या बाहेर ठेवली! निर्णय योग्यच होता. नाडलेल्या रुग्णाला त्याने दाद मागण्याची वाट दिली. पण रुग्ण ‘ग्राहक’ झाला, आणि ग्राहकाने सावध असावे हेच बाजाराचे शास्त्र आहे.

अडचण अशी की, रुग्णाला सावध राहता येत नाही. केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1963 च्या आपल्या निबंधात हे विशद केले आहे. ज्याला माल पारखता येत नाही त्याला विकणाऱ्यावरच विसंबावे लागते. म्हणून वैद्यकात ‘नफा’ हा शब्दच अविश्वासाची खूण ठरतो. मराठीचा पुरावा याहून थोडा वेगळा, आणि माझ्या मते अधिक नेमका आहे. उघड मोबदल्याला तिने ‘फी’ म्हणून मान दिला. संशय राखून ठेवला तो न दिसणाऱ्या मोबदल्यासाठी.

त्यावर उपाय करणारे नियम अपुरे आहेत. 2002 च्या आचारनियमांनी कमिशन देणे-घेणे निषिद्ध ठरविले. परंतु ते नोंदणीकृत डॉक्टराला लागू होतात, रुग्णालय चालविणाऱ्या कंपनीला नव्हेत.

दरम्यान रुग्ण आपले संरक्षण व्याकरणाने करू लागला आहे. ‘ही तपासणी करावी लागेल का?’ या प्रश्नात केवळ माहितीची अपेक्षा असते. हल्ली प्रतीक्षागृहांतून कानी पडतो तो प्रश्न असा : ‘ही तपासणी करावीच लागेल का?’ त्या ‘च’ला डॉक्टर काय उत्तर देतात, हे ऐकण्यासाठी रुग्ण त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो.