अपेक्षित अस्थिरता आणि ऑप्शनचे मूल्य : 'इंडिया विक्स'च्या संदर्भात

प्रस्तावना : मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये आणि ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले. वायद्याची किंमत मुख्यतः निर्देशांकाची पातळी व व्याजदर यांवर अवलंबून असते. ऑप्शनच्या प्रीमियममध्ये मात्र भावी चढउतारांविषयीची अपेक्षाही सामावलेली असते.

संकल्पना : या अपेक्षेच्या मापनासाठी २००८ मध्ये 'इंडिया विक्स' हा निर्देशांक प्रसृत करण्यात आला. निफ्टी ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या बोलींवरून तो पुढील ३० दिवसांची अपेक्षित अस्थिरता वार्षिक टक्केवारीत दर्शवितो. विक्स १८ असल्यास त्यास १२ च्या वर्गमुळाने भागून महिन्याची अपेक्षा सुमारे ५.२ टक्के येते. हा बदल चढ असेल की उतार, हे त्यावरून कळत नाही.

विवेचन : लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीदिवशी, ४ जून २०२४ रोजी, निफ्टी सुमारे ६ टक्क्यांनी घसरला आणि व्यवहारादरम्यान विक्स ३० च्या वर गेला. अनिश्चितता ओसरताच दुसऱ्या दिवशी तो २० च्या खाली आला. अशा प्रसंगी चढ्या प्रीमियमने ऑप्शन घेणाऱ्याचा दिशेचा अंदाज खरा ठरूनही त्यास तोटा होऊ शकतो. कारण अस्थिरतेची अपेक्षा घटली की प्रीमियमही घटतो.

निष्कर्ष : सेबीच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात शेअर वायदे व ऑप्शन व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. त्यामागील कारणे अनेक आहेत. तथापि ऑप्शन घेणारा दिशेबरोबरच अस्थिरताही विकत घेतो, ही बाब वाणिज्याच्या अध्यापनात ठळकपणे मांडली जाणे आवश्यक आहे.