पहिला सॅक्सोफोन घेताना

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि सॅक्सोफोन असतो पितळेचा. तरीही पाश्चात्त्य संगीतात त्याची गणना लाकडी वाद्यांत होते. कारण त्याचा नाद बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून उमटतो. आपल्या सनईचा हा दूरचा भाऊबंदच म्हणायचा! बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले.

वरातीच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकून बालाघाटच्या एखाद्या मुलाने ते शिकण्याचा हट्ट धरला, तर पालकांनी कोणते घ्यावे? माझे मत असे की, प्रथम ऑल्टोच घ्यावा. सोप्रानो दिसायला सुटसुटीत, पण सुरात ठेवणे कठीण. टेनर अंगाने मोठा. त्याला दमही जास्त लागतो. चारांचीही बोटे सारखीच, त्यामुळे ऑल्टोवर केलेली मेहनत पुढे वाया जात नाही. मात्र पेटीबरोबर वाजवताना एक ध्यानात असावे : ऑल्टोवर लिहिलेला 'सी' वाजवला की ऐकू येते ती काळी दोन, टेनरवर काळी पाच.

चकाकीला भुलू नये. चाव्यांखालच्या गाद्या नीट बसत नसतील, तर हवा निसटते आणि खर्जाचे स्वर उमटतच नाहीत. म्हणून जाणकाराकडून सर्वांत खालच्या स्वरापर्यंत हळू आवाजात वाजवून घ्यावे. अंधाऱ्या खोलीत नळीत बारीक दिवा सोडला, तर मिटलेल्या गादीच्या कडेने डोकावणारा उजेड गळती दाखवतो. मानेची नळी वाकलेली नसावी. रीड दीड किंवा दोन नंबरची पुरे. नव्या पण कच्च्या वाद्यापेक्षा दुरुस्त केलेले जुने चांगले वाद्य केव्हाही बरे.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. गळक्या वाद्याशी झुंजणारे मूल दोष वाद्याला देत नाही. 'मला जमत नाही' असे म्हणून ते कायमचे खाली ठेवते.

आणि आपल्या रागदारीला हे वाद्य परके आहे, असेही कोणी समजू नये. नागस्वरवादकाचे पुत्र कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये ते ऐकले आणि पुढे त्यावर कर्नाटक संगीत उभे केले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले. त्यांच्या हातीही ऑल्टोच होता.