ट्रिगरयुक्त निर्वात स्विच : विलंब आणि जिटर यांचा विचार

प्रस्तावना :
धारित्रात सावकाश साठविलेली विद्युतऊर्जा अत्यल्प काळात मुक्त करून प्रचंड शक्ती मिळविणे, हे स्पंदित शक्ती तंत्राचे मूलतत्त्व होय. १ किलोज्यूल ऊर्जा १० मायक्रोसेकंदांत मुक्त झाल्यास सरासरी शक्ती १०० मेगावॉट होते. अशा परिपथात स्विच नेमका केव्हा वाहक होतो, याला विशेष महत्त्व असते. प्रस्तुत लेखात ट्रिगरयुक्त निर्वात स्विचच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

रचना व कार्य :
उच्च निर्वातात बंदिस्त केलेली दोन मुख्य विद्युतअग्रे आणि त्यांपैकी एकात बसविलेले ट्रिगर विद्युतअग्र अशी या स्विचची रचना असते. जे. एम. लॅफर्टी यांनी १९६६ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. निर्वातात वायुरेणू अत्यल्प असल्याने मुख्य विद्युतअग्रांमधील अंतर उच्च व्होल्टता सहन करते. ट्रिगर स्पंद देताच विद्युतरोधकाच्या पृष्ठभागावर ठिणगी पडून प्लाझ्मा निर्माण होतो. तो मुख्य अंतरात पसरतो आणि स्विच वाहक बनतो.

विलंब व जिटर :
ट्रिगर स्पंदापासून मुख्य प्रवाह सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे विलंब. तो दर वेळी किंचित बदलतो. या बदलाचे प्रमाण विचलन म्हणजे जिटर. सरासरी विलंब ज्ञात असल्यास ट्रिगर तेवढा आधी देऊन त्याची भरपाई करता येते. जिटरची भरपाई मात्र करता येत नाही, कारण प्रत्येक वेळचा बदल आगाऊ कळत नाही. समजा, एकाच धारित्रसमूहाला दोन स्विच समांतर जोडले असून प्रत्येकाचा जिटर १०० नॅनोसेकंद आहे. ते परस्परस्वतंत्र असल्यास दोघांच्या वेळांतील फरकाचे प्रमाण विचलन सुमारे १४१ नॅनोसेकंद येते. आधी वाहक झालेल्या स्विचमुळे दुसऱ्यावरील व्होल्टता घसरते. परिणामी दुसरा स्विच वाहक न होण्याचा आणि संपूर्ण प्रवाह एकट्या पहिल्यावर येण्याचा धोका संभवतो.

परिणाम करणारे घटक :
ट्रिगर प्रवाह वाढविल्यास अधिक प्लाझ्मा निर्माण होतो; त्यामुळे विलंब व जिटर दोन्ही सामान्यतः घटतात. मुख्य व्होल्टता वाढविल्यासही विलंब कमी होतो. ट्रिगर ऋणाग्रात बसविलेला असल्यास विलंब तुलनेने अल्प राहतो. परंतु ट्रिगर प्रवाह वाढविल्याने ट्रिगरची झीजही वाढते. विद्युतअग्रांतून उडालेला धातू विद्युतरोधकावर साचून तेथील रोध बदलतो आणि वापर वाढेल तसे स्विचचे कालवर्तन ढळू लागते.

निष्कर्ष :
केवळ सरासरी विलंब नमूद केल्याने स्विचची योग्यता सिद्ध होत नाही. जिटर, मुख्य व्होल्टता, ट्रिगर प्रवाह आणि चाचणीपूर्वी झालेल्या स्पंदांची संख्या यांची एकत्रित नोंद आवश्यक आहे. नव्या स्विचवरील निष्कर्ष दीर्घ वापरानंतरही तसेच राहतील, असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही.