वंशावळीचे उंदीर आणि गर्भाशयाचा कर्करोग

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतील जनावरांचा बाजार आमच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बहुतेक वाचकांनीं पाहिला असेलच. तेथें जाणता शेतकरी दुरूनच सांगतो, हें जनावर लाल कंधारी, तें देवणी. कंधारी गुरांचा तांबडा रंग किंवा देवणीच्या पांढऱ्या अंगावरील काळे डाग पिढ्यानुपिढ्या टिकून राहतात, कारण वळू कोणता लावावा याची काळजी धन्यानें घेतलेली असते. रंग जसा वंशानें उतरतो तशीच रोगाची प्रवृत्तीहि उतरते काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या द्वारें सोडविण्याचा यत्न केला आहे.

माणसांत तो सोडविणें कठीण. एका घरांत दोघींना एकच रोग झाला, तर तो रक्तांतून आला, कीं एकाच चुलीवरच्या अन्नांतून, कीं केवळ योगायोगानें, हें कसें ओळखावें? शिवाय माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची. संशोधकाच्या हयातींत दोन-तीन पिढ्या पाहावयास मिळाल्या तरी पुष्कळ. उंदरी मात्र तीन आठवड्यांत वितें. सख्ख्या भावाबहिणींचा जोडा लावीत २० पिढ्या गेल्या, म्हणजे त्या कुळांतील सर्व उंदीर जुळ्यांसारखे एकरूप होतात. अशा दोन कुळांना एकच दाणापाणी व एकसारखे पिंजरे दिले, तरीहि एकांत रोग झाला व दुसऱ्यांत झाला नाहीं, तर तो फरक वंशाचा मानावा लागतो.

या मार्गानें चालणाऱ्या आरंभींच्या भारतीय संशोधकांत एक मराठी विदुषी होत्या, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) पुण्याच्या हुजूरपागेंत शिकल्या. एम्. एस्सी.साठीं त्यांनीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढें मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखालीं त्या कर्करोगाकडे वळल्या व १९४९ सालीं त्यांनीं पीएच्. डी. मिळविली. सीताफळावरून उंदरावर ही उडी दिसते तितकी लांब नाहीं. दोहोंच्याहि पेशींत वंशाचा ठेवा गुणसूत्रेंच वाहतात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं उंदरांच्या स्तनांचा कर्करोग अभ्यासिला व त्यांत वंश, अंतःस्राव आणि विषाणु यांचा संबंध शोधला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें.

गर्भाशयाच्या बाबतींत निराळीच अडचण होती. उंदरांना हा रोग आपोआप क्वचितच होतो. परंतु इंग्रजींत ज्यांना रॅट म्हणतात त्या मोठ्या उंदरांचें 'बी-डी-दोन' नांवाचें एक कूळ जर्मनींत जोपासलें गेलें. त्यांतील न व्यायलेल्या १०० माद्यांपैकीं ९० हून अधिक माद्यांना उतारवयांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो, असें आढळलें. स्वीडनमधील संशोधकांनीं या माद्यांचा संकर रोग विरळा असलेल्या दुसऱ्या कुळांतील नरांशीं केला. नातवंडांत कोणाला रोग झाला, कोणाला नाहीं. मग रोगी नातींच्या गुणसूत्रांचे कोणते तुकडे त्या रोगी कुळाकडून आले, हें त्यांनीं ताडून पाहिलें. एकच एक दोषी जनुक सांपडेल अशी कोणाची आशा असल्यास ती फळास आली नाहीं. रोगप्रवण जागा अनेक निघाल्या, आणि संकराचें दुसरें कूळ बदलतांच त्या जागाहि बदलल्या! वंशाचा वारसा एका धाग्याचा नसून विणलेल्या वस्त्रासारखा असतो, असें यावरून मला वाटतें.

माणसांत मात्र कांहीं घराण्यांत एकच जनुक पुष्कळ घात करितें. १८९५ सालीं अमेरिकेंतील डॉ. वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईनें सांगितलें कीं, आपल्या घरचीं पुष्कळ माणसें आंतड्याच्या व गर्भाशयाच्या रोगानें गेलीं, आपणहि तशीच जाणार. ती बाई पुढें गर्भाशयाच्या कर्करोगानेंच वारली. अशा घराण्यांत पेशींची नक्कल होतांना पडणाऱ्या चुका दुरुस्त करणारें एक जनुक जन्मतःच बिघडलेलें असतें. तो दोष मातेकडून येतो तसाच पित्याकडूनहि येतो, आणि प्रत्येक अपत्यास मिळण्याचा संभव निम्मा असतो. तेव्हां सुनेला 'माहेरचा रोग आणलास' म्हणून बोल लावणें शास्त्राला धरून नाहीं. अस्तराच्या कर्करोगाच्या १०० रोग्यांत असे वारसदार सुमारें तीनच असतात.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. गर्भाशयाचें अस्तर वेगळें, मुख वेगळें. आमच्या भागांत मुखाचा कर्करोग अधिक आढळतो, आणि त्याचें मूळ वंशांत नसून एका विषाणूंत आहे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला मोठा प्रयोग १९९९ सालीं सुरू झाला. त्या विषाणूची एकदांच केलेली परीक्षाहि मृत्यु सुमारें निम्म्यावर आणते, असें त्यावरून २००९ सालीं प्रसिद्ध झालें. अस्तराच्या रोगासाठीं गांवोगांव करण्याजोगी अशी परीक्षा नाहीं. त्याची खूण मात्र बहुधा लवकर दिसते: पाळी कायमची थांबल्यावर पुन्हां रक्त जाणें. घरांतील आजी ही गोष्ट लाजेनें महिनोन्‌महिने कोणास सांगत नाहीं. नांदेड किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत गेल्यास अस्तराचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात व निदान ठरवितात. आणि रोग गर्भाशयापुरताच असेल, तर शस्त्रक्रियेनें तो बहुधा बरा होतो.