डाकारच्या लेकीचा जमाखर्च

टबास्की जवळ आली की डाकारमधल्या शिंप्यांची झोप उडते. बकरी ईदला पश्चिम आफ्रिकेत टबास्की म्हणतात. सेनेगलच्या या राजधानीत सणाआधीचे दोन-तीन आठवडे गल्लीबोळांतली शिलाई यंत्रं रात्रभर घरघरत असतात. दारात बायका आणि मुलींची गर्दी असते. कुणी वायदा चुकवला म्हणून शिंप्याशी भांडत असते, कुणी गळ्यावरच्या भरतकामाचा नमुना मोबाइलवर दाखवत असते. कापड बहुधा ‘बाझां’, म्हणजे खळ देऊन, लाकडी मोगरीने कुटून आरशासारखी चकाकी आणलेलं सुती कापड. ते स्वस्त नसतं. शिलाई त्याहून स्वस्त नसते. आणि सणाच्या दिवशी जुने कपडे घालून दारात उभं राहण्याचा पर्याय मुलीला कुणी ठेवलेला नसतो.

आफ्रिकेबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं त्यात दुष्काळ असतो, यादवी असते, नाहीतर सिंह-जिराफ असतात. शिंप्याशी हुज्जत घालणारी पंचविशीतली मुलगी त्यात सापडत नाही. तिची ओळख करून घ्यायची तर तिच्या जमाखर्चातून घ्यावी, असं मला वाटतं. पैसे कुठून आले, कुणाला द्यावे लागले, कशासाठी बाजूला ठेवले, या तीन रकान्यांत तिचा दिवस येतो, तिचे सण येतात आणि तिच्या इच्छाही येतात.

देश लहान आहे. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आणि त्यातले निम्मे लोक एकोणीस वर्षांच्या आतले. शंभरात पंच्याण्णवांहून अधिक मुसलमान, बाकीचे बहुतेक ख्रिस्ती. सरकारी कामकाजाची भाषा फ्रेंच. बाजारातली, भांडणातली आणि प्रेमातली भाषा वोलोफ. पिकीन आणि गेजावाय ही डाकारची अफाट उपनगरं. इथल्या घरांत एकाच अंगणाभोवती आई-बाप, भाऊ-भावजया, आत्या, गावाकडून शिकायला आलेली चुलत भावंडं असा गोतावळा राहतो. मुलीला स्वतःची खोली असणं ही चैन आहे.

सकाळी अंगण झाडायचं काम तिचं. मग कोपऱ्यावरच्या बाईकडून रस्साभाजीसारखी शिजवलेली चवळी भरलेला पाव आणि मसाल्याची तिखट झाक असलेली ‘तुबा कॉफी’. शहरात कामाला किंवा कॉलेजला जायचं तर डिसेंबर २०२१ पासून उपनगरी रेल्वे आहे, आणि २०२४ पासून गेजावायहून शहराच्या मध्यापर्यंत स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या विजेच्या बसगाड्या आहेत. रंगीबेरंगी, खिळखिळ्या ‘कार रापीद’ आता हळूहळू मोडीत काढल्या जात आहेत. त्यांची जागा आधीच ज्या पांढऱ्या मिनीबसांनी घेतली त्यांना डाकारकर सरळ ‘ताता’ म्हणतात. होय, आपलीच टाटा. या बसची जुळणी तिएस या गावी होत आली आहे. कंडक्टर मागच्या बाजूला जाळीच्या खोक्यात बसतो आणि तिकिटाचे पैसे माणसामाणसांच्या हातांतून त्याच्याकडे सरकत जातात. सुटे परत येतात तेही त्याच वाटेने आणि सहसा पूर्ण येतात.

दुपारचं जेवण हे घराचं मोठं काम. ते मोठ्या मुलीकडे किंवा सुनेकडे पाळीपाळीने येतं. पाळी असली की बाजारापासून भांडी घासण्यापर्यंत अख्खा दिवस गेला. चेबू जेन हा भात म्हणजे सेनेगलचा अभिमान. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. माशाच्या तुकड्यांना चिरा देऊन त्यांत लसूण आणि पार्स्लीचं वाटण भरायचं, मासा तेलात परतायचा, टोमॅटोच्या दाट रश्शात गाजर, कोबी, वांगं, कसावा शिजवायचा. सुकवलेल्या माशाचा आणि आंबवलेल्या शिंपल्याचा तुकडा वासासाठी टाकायचा. मग भाज्या उपसून त्याच रश्शात तांदूळ वाफवायचा. सगळे एकाच परातीभोवती बसतात. घरची बाई मासा मोडून पाहुण्याच्या पुढ्यात सरकवत राहते. तळाची खरवड वेगळी वाढली जाते आणि तिच्यावरून पोरांची भांडणं होतात.

हा तांदूळ अखंड नसतो. तो कणी असतो. वसाहतीच्या काळात फ्रेंचांनी सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमुगाला जुंपलं आणि त्याचं पोट भरायला इंडोचायनातून गिरण्यांतली कणी आणून ओतली. गरज म्हणून आलेली कणी पुढे आवड झाली, इतकी की आज तिथल्या गृहिणीला अखंड दाण्याचा भात रश्शाला मिळून येत नाही असं वाटतं. अलीकडच्या वर्षांत ही कणी मोठ्या प्रमाणावर भारतातून, काकीनाडासारख्या बंदरांतून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली आणि डाकारच्या व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. नंतर सरकारी पातळीवर सेनेगलसाठी खास परवानगी दिली गेली. बंदी पूर्ण उठली ती मार्च २०२५ मध्ये. आपल्याकडे ही बातमी वर्तमानपत्राच्या व्यापार पानावर कुठेतरी येऊन गेली असेल. पिकीनमध्ये मात्र पोत्याचा भाव वाढला की स्वयंपाकाची पाळी असलेली मुलगी त्याच पैशांत माशाचा तुकडा लहान आणते. मासा तसाही महागलाच आहे. विदेशी मासेमारी जहाजं किनाऱ्याजवळ आल्यापासून ‘चोफ’ नावाचा चांगला पांढरा मासा निर्यातीला जातो आणि घरच्या परातीत स्वस्त, काटेरी मासा येतो.

जेवणानंतर अताया. हिरव्या चहाचे तीन फेरे: पहिला कडू, मग प्रत्येक फेरीला साखर वाढत जाते. ग्लासातून ग्लासात उंचावरून ओतून फेस आणायचा. याला दोन तास सहज लागतात. तो करतात बहुधा नोकरी नसलेले भाऊ, भिंतीच्या सावलीत बसून. डाकारच्या अतायावर प्रवासवर्णनांत फार प्रेमाने लिहिलेलं असतं. त्या दोन तासांत बहीण परात घासत असते हे कुणी लिहीत नाही.

आता पैशांचा रकाना. पगारी नोकरी थोड्यांनाच. बाकीच्या मुली वेण्या घालतात, गोठवलेल्या जास्वंदीच्या सरबताच्या पिशव्या विकतात, दुबईहून किंवा चीनहून आलेले कपडे व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विकतात. आणि बहुतेक सगळ्या भिशीत असतात. फ्रेंचमध्ये तिला तोंतीन म्हणतात, पण चालते ती आपल्या भिशीसारखीच. दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीने उचल. गल्लीतल्या बायकांची एक, मैत्रिणींची एक, बाजारातल्या विक्रेतींची एक, अशा दोन-तीन भिश्यांत एकच मुलगी असू शकते. हल्ली वर्गणी ‘वेव्ह’वरून जाते. एक टक्का दराने पैसे पाठवू देणाऱ्या या मोबाइल कंपनीने जुन्या कंपन्यांना दर उतरवायला भाग पाडलं. २०२१ मध्ये फ्रेंचभाषक आफ्रिकेतली पहिली अब्ज डॉलरची नवी कंपनी म्हणून तिचं नाव झालं. बँकेत खातं नसलेल्या मुलीच्या फोनवर तिचा स्वतःचा शिल्लक आकडा दिसू लागला. भाऊ तो सहजासहजी पाहू शकत नाही, हे महत्त्वाचं.

उचल कशावर जाते? आधी समारंभांवर. मूल जन्मलं की आठव्या दिवशी नामकरण, त्यात आत्याचा मान मोठा. लग्न, मयत, हज करून आलेल्यांचं स्वागत हे आहेच. आहेर दिला की तो लक्षात ठेवला जातो आणि फेडताना दुप्पट करून फेडायची रीत आहे. या खर्चाला आळा घालायला सेनेगलने १९६७ मध्ये चक्क कायदा केला. तो आजही आहे आणि आजही कुणी पाळत नाही. बाहेरच्यांना ही उधळपट्टी वाटते, तिथल्या शिकलेल्यांनाही वाटते. मला ती अर्धीच उधळपट्टी वाटते. आजारपणात किंवा नवरा निघून गेल्यावर बाईच्या मागे उभं राहतं ते हेच आहेराचं जाळं. त्यातून बाहेर पडलेली बाई एकटी पडते, हे प्रत्येक मुलीने आईकडून शिकलेलं असतं.

सणांनी हा हिशेब कसाला लागतो. रमजानमध्ये सुनेने सासूला, नणंदेला ‘सुक्करू कोर’ द्यायची. शब्दशः उपासाची साखर. पूर्वी खरंच साखर असायची. आता कापड, तेल, रोख, भेटवस्तूंच्या सजवलेल्या टोपल्या. काय आलं यावरून सुनेची किंमत ठरते, आणि नुकतं लग्न झालेली मुलगी त्या महिन्यात उपासाने कमी आणि धास्तीने जास्त वाळते. टबास्कीला मेंढा आणायचा पुरुषाने. देशाला त्या एका दिवसासाठी सुमारे आठ लाख मेंढे लागतात आणि त्यांतले पुष्कळ माली आणि मॉरितानियाहून येतात. कापायचं काम पुरुषांचं, ते सकाळीच उरकतं. आतडी धुणं, मांस तोडणं, भाजणं, शेजाऱ्यांचे आणि सासरचे वाटे पाठवणं संध्याकाळपर्यंत बायकांकडे. मग न्हाऊन, ‘चुराय’ या धुपाच्या धुरात बसून, शिंप्याकडून भांडून आणलेला पोशाख चढतो आणि मुलगी बाहेर पडते. त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायचा रिवाज आहे. पोरं घरोघर फिरून पैसे गोळा करतात.

सगळेच सण असे जीव काढत नाहीत. तामखारित म्हणजे मोहरमचा दहावा दिवस. त्या रात्री बाजरीचा कुसकुस पोटाला तडस लागेपर्यंत खायचा, आणि मुलगे मुलींचे, मुली मुलग्यांचे कपडे घालून ढोलकी बडवत दारोदार फिरतात. ख्रिस्ती शेजारी गुड फ्रायडेला शेंगदाण्याचं कूट, गोरखचिंचेचा गर आणि बाजरी यांचं ‘न्गालाख’ करून बादल्या भरभरून मुसलमानांच्या घरी पाठवतात. टबास्कीला त्यांच्याकडे मटण जातं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर कॅथलिक होते आणि मुसलमान मतदारांनी त्यांना वीस वर्षं निवडून दिलं, हे या बादल्यांच्या देवघेवीशिवाय समजणार नाही. सूफी पंथांच्या यात्रा आहेत. सर्वांत मोठी तुबाची, अमादू बांबा या संताला फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केलं त्याच्या स्मरणार्थ. पण मुलींच्या मनातली यात्रा पोरोखानची. तिथे बांबाच्या आईची, माम जारा बुसोची कबर आहे आणि गर्दी बायकांची असते. तिच्या नावाच्या हजारो मुली देशभर आहेत.

लग्नाकडे वळलं की रकाने गुंतागुंतीचे होतात. १९७२ च्या कुटुंब कायद्याप्रमाणे लग्नाच्या नोंदणीवेळी नवऱ्याने सांगायचं की तो एकच बायको करणार की चारपर्यंत. काहीच बोलला नाही तर बहुपत्नीत्व धरलं जातं. एकदा ‘एकच’ म्हटलं की मागे फिरता येत नाही, म्हणूनच फार थोडे तसं म्हणतात. मुलीच्या लग्नाचं किमान वय १६, मुलाचं १८. निकाह मशिदीत, पुरुषांमध्ये लागतो. मुलगी घरीच असते, आणि नवरा इटलीत किंवा स्पेनमध्ये असला तरी लग्न अडत नाही. परदेशी गेलेल्या नवऱ्याशी फोनवर संसार करत वर्षानुवर्षं सासरी राहणाऱ्या मुली हा तिथला नेहमीचा विषय आहे. त्याची काळी बाजू समुद्रात आहे. २००६ पासून कॅनरी बेटांकडे निघणाऱ्या लाकडी होड्यांनी किती भाऊ आणि नवरे गिळले याची मोजदाद नाही. माती जोपच्या ‘अटलांटिक’ या सिनेमात (२०१९, कान महोत्सवात ग्रां प्री) मागे राहिलेली डाकारची मुलगीच नायिका आहे. त्या विषयावर मी पाहिलेलं हे सर्वांत प्रामाणिक काम.

मारियामा बा या शिक्षिकेने १९७९ मध्ये ‘इतकं लांब पत्र’ ही कादंबरी लिहिली. नवऱ्याने मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेली एक विधवा इद्दतच्या दिवसांत मैत्रिणीला लिहिते आहे. पुस्तकाला आफ्रिकेचा पहिला नोमा पुरस्कार मिळाला, आणि लेखिका १९८१ मध्ये गेली. गोरे बेटावर तिच्या नावाची मुलींची निवासी शाळा आहे. तिथे निवड व्हावी म्हणून हुशार मुली जीव तोडून अभ्यास करतात. चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, हाच विषय कलिस्ता सी या तरुणीने दूरदर्शन मालिकेत आणला: ‘विवाहित पुरुषाची प्रेयसी’. वोलोफमध्ये, पाच बायकांची गोष्ट. धार्मिक संघटनांनी तक्रारी केल्या, आणि मालिका यूट्यूबवर लाखोंनी पाहिली. फ्रेंचमध्ये डब केलेल्या हिंदी मालिकाही तिथे आवडीने बघतात आणि हिंदी सिनेमाचं वेड तर आजीच्या पिढीपासूनचं आहे. पण आपल्या भाषेत, आपल्या अंगणात कुणीतरी हे बोलतंय याचा धक्का वेगळा होता.

राजकारणात बाईला जागा मिळाली ती कागदावर भरघोस. २०१० च्या कायद्याने उमेदवार याद्यांत निम्म्या स्त्रिया सक्तीच्या झाल्या आणि २०१२ मध्ये १५० पैकी ६४ खासदार स्त्रिया आल्या. बलात्कार हा गंभीर गुन्हा ठरला तो मात्र २०२० मध्ये, मुलींनी रस्त्यावर उतरल्यावर. २०२४ मध्ये तरुणांच्या लाटेवर नवं सरकार आलं. पंचवीस मंत्र्यांत स्त्रिया चार. लाटेत मुलीही होत्या. जून २०२३ च्या दंगलीनंतर डाकारचं विद्यापीठ अनेक महिने बंद राहिलं आणि पदवी लांबली, तेव्हा घरच्यांनी लग्नाचा विषय काढला तो त्यांच्याकडेच.

तिला काय हवं आहे, असं विचारणाऱ्यांना युरोपला जायचंय असं उत्तर अपेक्षित असतं. काहींना जायचंही आहे. पण भिशीच्या वहीत वारंवार दिसते ती सिमेंटची पोती. डाकारबाहेर जामन्याजोच्या बाजूला जमिनीचा तुकडा घ्यायचा आणि पैसे येतील तशा विटा रचत जायच्या. मुसलमान वारसाहक्कात मुलीचा वाटा भावाच्या निम्मा असल्यामुळे वडिलांच्या घरावर तिने फार भिस्त ठेवलेली नसते. म्हणून सातबाऱ्यासारखा तो कागद स्वतःच्या नावाचा हवा, नवऱ्याच्या नको, भावाच्याही नको. आधी एक खोली, मग पुढे रस्त्याच्या बाजूला शिलाईचं किंवा वेण्यांचं दुकान. वर गजाच्या सळया तशाच उघड्या ठेवायच्या, कारण दुसरा मजला पुढच्या उचलीत.