दात काढला? मग पानठेला टाळा

चंद्रपूर-गडचिरोलीत दात काढून निघालेल्या माणसाची खरी परीक्षा पानठेल्यासमोर असते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा ताज्या जखमेला मानवत नाही. वर पिंक टाकण्याच्या जोराने खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटते. मग हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांत कानापर्यंत ठणका लागतो.

दात काढल्यावर जखमेवर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, थुंकी गिळावी.

पहिले 24 तास चूळ भरू नये. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने, तीही हळुवार. जेवायला मऊ, गार भात बरा. खर्रा-बिडी किमान तीन दिवस बंद, कायमची सुटली तर उत्तमच! रक्त थांबेना किंवा तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.