खासगी पार्किंगची नोटीस आली तर काय करायचं?

मागच्यांना ऐकू येतंय ना? ठीक आहे, सुरू करतो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंची गोष्ट सांगतो. गणपतीचे दिवस होते. सकाळी त्या सुपरमार्केटला गेल्या, नारळ, फुलं, केळी घेऊन घरी आल्या. संध्याकाळी दूध कमी पडलं म्हणून पुन्हा तिथंच गेल्या. आठवड्याभरानं काकांच्या नावानं पत्र आलं, कारण गाडी काकांच्या नावावर. पत्रात गाडीचे दोन फोटो. आत येताना ९:५२, बाहेर पडताना १८:४०. म्हणजे ८ तास ४८ मिनिटं गाडी तिथं उभी होती, मर्यादा २ तासांची होती, सबब १०० पौंड भरा. १४ दिवसांत भरलेत तर ६०.

काका म्हणाले, भरून टाक, परक्या देशात कटकट नको. मुलगा म्हणाला, फेकून दे, या खासगी कंपन्यांना कुणी विचारत नाही. आपल्या प्रत्येक घरात ही दोन मतं असतात आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत. का चूक, ते सांगायला मी आज उभा आहे. जे सांगतोय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचं गणित वेगळं आहे, तिकडे आज जात नाही.

आधी शब्दाचं बघू. आपण मराठीत सगळ्यालाच ‘दंड’ म्हणतो. हवालदारानं पावती फाडली की दंड, लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तरी दंड. दंड या शब्दात सत्ता आहे, राजदंड म्हणतो ना आपण. इथं रस्त्यावर कौन्सिल जे तिकीट लावते ते ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. त्यामागे कायद्यानं दिलेला अधिकार असतो. खासगी कंपनी जे पाठवते ते ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींची आद्याक्षरं तीच, पीसीएन. पत्राचा रंग, चौकटी, ठळक अक्षरं, सगळं सरकारी वाटेल असं. पण खासगी कंपनीला दंड करण्याचा अधिकारच नाही. तिचं म्हणणं एवढंच असतं की तुम्ही आमच्याशी करार केलात, तो मोडलात, आता ठरलेले पैसे द्या.

तुम्ही म्हणाल, करार? मी कधी सही केली? सही लागत नाही. आत शिरताना जी पाटी असते ती कंपनीचा प्रस्ताव, आणि ती वाचून (किंवा वाचता येण्यासारखी असूनही न वाचता) तुम्ही गाडी लावलीत की तो तुम्ही मान्य केलात. म्हणून सगळी लढाई शेवटी त्या पाटीवर येते. इथला १९७१ सालचा एक प्रसिद्ध खटला आहे, थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग. आपल्यापैकी कुणी भारतात कायदा शिकलं असेल तर त्यांनी वाचला असेल. गाडीवाला फाटकाशी आला, यंत्रातून तिकीट बाहेर आलं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं की आत लावलेल्या अटी लागू. लॉर्ड डेनिंग यांचं म्हणणं असं की यंत्राशी वाद घालता येत नाही. करार तिथंच झाला, त्यानंतर दाखवलेली अट बांधत नाही. तेव्हा पाटी प्रवेशाशी होती का, रात्री तिच्यावर दिवा होता का, चार्जचा आकडा ठळक होता की तळाशी मुंगीएवढा, हे प्रश्न फालतू नाहीत. नोटीस आली की शक्यतो त्याच वेळेला तिथं परत जा आणि फोटो काढा. फक्त या वेळी गाडी बाहेर लावा!

आता मुलाचं मत. ‘फेकून दे’ हा सल्ला एकेकाळी बऱ्यापैकी चालायचा, पण दोन गोष्टींनी तो मोडला. पहिली २०१२ची. तोपर्यंत खासगी जागेत गाडीच्या चाकाला क्लॅम्प लावून पैसे उकळणं सर्रास चाले. ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्यानं १ ऑक्टोबर २०१२पासून ते बंद केलं. बदल्यात कंपन्यांना एक हत्यार दिलं. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तर काही अटींवर ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याच्याकडून, म्हणजे रजिस्टर्ड कीपरकडून, पैसे मागता येतात. तुमचं नाव-पत्ता त्यांना डीव्हीएलए देते, एका नोंदीचे अडीच पौंड घेऊन.

दुसरी गोष्ट २०१५ची. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात बेव्हिस नावाचे गृहस्थ २ तासांच्या मर्यादेपेक्षा ५६ मिनिटं जास्त राहिले. कंपनीनं ८५ पौंड मागितले. त्यांचं म्हणणं, तुमचं नुकसान काय झालं? पार्किंग तर फुकट होतं. मुद्दा बिनतोड वाटतो की नाही? खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि सातपैकी सहा न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. नुकसान झालं नसलं तरी गाड्या हलत्या ठेवण्यात कंपनीचं आणि जागामालकाचं रास्त हित आहे, रक्कम त्या मानानं अवाच्या सवा नाही, असं कोर्ट म्हणालं. तेव्हा ‘नुकसान दाखवा’ हा युक्तिवाद विसरा. पण त्याच निकालाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तिथं जवळपास वीस पाट्या होत्या, मोठ्या आणि ठळक, आणि कोर्टानं त्यांना महत्त्व दिलं. तुमच्या जागी झाडामागे एकच पाटी असेल, तर तो निकाल तुमच्याही कामाला येतो.

आता ‘काही अटींवर’ म्हणालो, त्या अटी बघू. इथं जरा थांबतो, कारण खरा फायदा इथं आहे. काचेवर तिकीट न लावता फक्त कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवली असेल, तर ती गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांत कीपरच्या हाती पडायला हवी. टपालात टाकल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोचली असं धरतात. काचेवर तिकीट असेल तर हिशोब वेगळा. तेव्हा टपालानं येणारी नोटीस २८ ते ५६ दिवसांच्या खिडकीत यावी लागते. मुदत चुकली तर कीपरवरची जबाबदारी जाते, उरते फक्त चालकाची. आणि चालक कोण हे खासगी कंपनीला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. म्हणून पहिल्या पत्रात भावनेच्या भरात ‘मी गाडी लावली आणि मला यायला उशीर झाला’ असं लिहू नका. ‘या गाडीचा कीपर म्हणून लिहितो’ एवढं पुरे. शिवाय रेल्वे स्टेशन, विमानतळ अशा, स्वतःचे उपनियम असलेल्या जागांना कीपरची ही जबाबदारी लागूच होत नाही.

मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एका आजोबांनी विचारलं, ही पळवाट नाही का? प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की हा सौदा संसदेनं केलाय. कंपनीला जास्तीचा हक्क मिळाला तो अटींसकट मिळाला. अट पाळायची नाही आणि हक्क मात्र हवा, हे चालणार नाही. पण खोटं बोलू नका. बायको चालवत होती असं उगीच लिहू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर तुमच्या जबाबाखाली सत्यकथनाची सही असते आणि ती थट्टा नाही.

काकूंकडे वळतो. त्यांच्या बाबतीत यातलं काहीच लागलं नाही, कारण साधी चूक कॅमेऱ्याची होती. तो गाडी उभी आहे का हे बघत नाही, फाटकातून जाणारी नंबर प्लेट टिपतो. दुसरी गाडी चिकटून गेली किंवा प्लेट झाकली गेली की मधली नोंद सुटते आणि दोन फेऱ्यांची एक होते. हा दोष इतका नेहमीचा आहे की नोटिशीत कित्येक तासांचा मुक्काम दिसला की आधी तेच तपासा. काकूंकडे सकाळचं बिल होतं, संध्याकाळचं होतं, आणि दुपारी आरतीच्या वेळी घरासमोर काढलेल्या फोटोत मागे त्यांची गाडी नंबरासकट उभी होती. बाप्पानंच फोटो काढवला म्हणायचं.

मी त्यांना दोन पत्रं लिहायला लावली. एक कंपनीला, अपील म्हणून. दुसरं दुकानाच्या मॅनेजरला, बिलांसकट. हे दुसरं पत्र लोक विसरतात. पार्किंग कंपनी ही जागेवाल्यानं नेमलेली असते आणि गिऱ्हाईक गेलेलं दुकानाला परवडत नाही. पुष्कळ नोटिसा मॅनेजरच्या एका ईमेलनं रद्द होतात. काकूंची पंधरा दिवसांत झाली. एका ओळीचं पत्र आलं, माफीबिफी काही नाही.

कंपनीनं अपील फेटाळलं तर पुढची पायरी आहे. कंपनी बीपीए या संघटनेची सभासद असेल तर पोपलाकडे जायचं, फेटाळल्यापासून २८ दिवसांत. आयपीसीची असेल तर आयएएसकडे. पोपला फुकट आहे, आणि तिचा निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. ‘मला माहीत नव्हतं’ असल्या मुद्द्यांना तिथं भाव नाही. मुदत, पाटी, वेळ संपल्यावर मिळणारी १० मिनिटांची सवलत, जागामालकाशी करार असल्याचा पुरावा, असं ठोस लिहा. यंत्रात गाडीचा नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं असेल तर या संघटनांच्या नियमांनुसारच पूर्ण रक्कम मागता येत नाही.

मग येतात वसुलीवाल्यांची पत्रं. लाल अक्षरं, १००चे १७० झालेले. ही माणसं बेलिफ नाहीत. तुमच्या दारात येऊन सामान नेण्याचा अधिकार त्यांना नाही. तो कोर्टाच्या निकालानंतरचा विषय. वरचे ७० पौंड कीपरकडून मागता येतात का, याबद्दल न्यायाधीश एकसारखे वागत नाहीत, पण २०१२च्या कायद्यात कीपरची कमाल जबाबदारी नोटिशीत लिहिलेल्या रकमेएवढीच आहे. हे लिहून ठेवा.

न फेकायची पत्रं दोन. एक ‘लेटर बिफोर क्लेम’, उत्तराला ३० दिवस. दुसरा काउंटी कोर्टाचा दाव्याचा फॉर्म. तो बजावल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यायचं. फॉर्म मिळाल्याची पोच कोर्टाला दिलीत तर एकूण २८ दिवस मिळतात. गप्प बसलात तर न ऐकताच निकाल तुमच्याविरुद्ध. एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो, आणि मग घराचं कर्ज मागायला गेलात की १०० पौंडांची पार्किंग आडवी येते. मी हे होताना बघितलंय. तरुण जोडपं होतं, घर पसंत पडलेलं, डिपॉझिट साठवलेलं. मुलाचा ‘फेकून दे’ सल्ला महागात पडतो तो असा.

प्रश्न घेऊ. हो, ताई? ‘पत्रच मिळालं नाही तर?’ त्या जोडप्याचं तेच झालं होतं. घर बदललं, पण गाडीच्या लॉगबुकवरचा पत्ता जुनाच राहिला आणि सगळी पत्रं तिकडे जात राहिली. निकाल रद्द करून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो, पण त्याची फीच मूळ रकमेपेक्षा मोठी आहे. इथं गेल्या दोन वर्षांत किती जणांनी घर बदललंय? बरेच हात वर आहेत. लायसन्सवरचा पत्ता बदलला म्हणजे लॉगबुकवरचा बदलला असं नाही, तो वेगळा बदलावा लागतो. ऑनलाइन होतो, फुकट आहे. चहाच्या वेळात करून टाका.